चेअरमन बारीक अक्षरात

जमलेल्या आया-बहिणींनो, मास्तर मंडळी, पोरांनो, आन मंचावरच्या साहेबलोकांनो,

शुद्ध बोलायचं ठरवून आलते. जमायचं न्हाई. शैला आन मी, आमची उभी हयात या एका शाळेत गेली. ती इंग्रजी शिकवायची, मी गणित. एका डब्यातून जेवलो आमी. गेल्या सोमवारी ती गेली. मघाशी तिच्या फोटोला हार घातला. आता राग आवरंना. तुमी म्हणाल, बाई, शोकसभेत राग कावून? सांगते.

माझ्या आधी चेअरमनसाहेब बोलले. कारखाना त्यांचा, शाळा त्यांच्याच संस्थेची, मान त्यांचा. त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. शाळेच्या दारात शैलाच्या नावाची कमान, इंग्रजीत, सोनेरी मोठ्या अक्षरात. आन ऊसतोड्यांच्या पोरांचं वसतिगृह यंदापासून बंद. म्हणले, बाई न्हाईत, सांभाळणार कोण? आन तुमी टाळ्या वाजवल्या! शोकसभेत टाळ्या! मला किळस आली. साहेब, तोंडावर सांगते, किळस आली.

शैला त्या वसतिगृहात गेली कशी, हे नव्या लोकांना ठाऊक न्हाई.

टँकरचं साल व्हतं. कारखान्याचं धुराडं थंड. ऊस कुठला, प्यायला पाणी न्हाई. आन दुष्काळ बघायला दिल्लीचं पथक येणार, म्हणून साहेबांना इंग्रजीत पुस्तिका हवी व्हती. विहिरीतला गाळ तसाच राहिला, पुस्तिका मात्र निघाली! लिहायचं काम शैलाकडं.

आपल्या मराठीत बरं हाय. समदी अक्षरं एका रेषेला लटकलेली, कुणी लहान न्हाई, कुणी मोठं न्हाई. म्हणून तर आपल्या पुढाऱ्यांना फ्लेक्स लागतो. इंग्रजीत तसं न्हाई. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं. नावाचं पहिलं अक्षर मोठं. सोमवार मोठा, उन्हाळा बारीक. मथळ्यात वजनदार शब्द मोठे, 'ऑफ', 'अँड' असली चिल्लर बारीक, मथळ्याच्या तोंडाशी आली तरच मोठी. भाकर मोडता मोडता शैला मला हे सांगायची.

साहेबांनी तिला बोलावलं. मी सोबत गेलते. म्हणले, "बाई, माझं नाव, पदवी, समदं मोठ्या अक्षरात टाका. एक अक्षर बारीक नको."

ती म्हणली, "साहेब, नावाचं पहिलं अक्षर मोठं. तुमचं बी, तुमच्या गड्याचं बी."

"आन चेअरमन?"

"नावाच्या आधी लागून आलं तर मोठं. वाक्यात नुसतं आलं तर बारीक."

"मला बारीक करता?" मग त्यांनी तिनं लिहून नेलेल्या कागदाच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"ड्राउट. दुष्काळ. मथळ्यात हाय, म्हणून मोठा."

"दुष्काळ मोठा आन मी बारीक?"

"यंदा तसंच हाय, साहेब."

मी हसू दाबलं. साहेब हसले न्हाईत. पुस्तिका दुसऱ्याकडून छापून आणली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समदी मोठी अक्षरं, नुसता आरडाओरडा. पथकानं वरवर चाळली, बाटलीतलं पाणी प्यालं आन गेलं. पंधरवड्यात शैलाचा वर्ग काढून घेतला. शिक्षा म्हणून तिला वसतिगृहावर टाकलं.

दोन पत्र्याच्या खोल्या. दसऱ्यानंतर मायबाप लांबच्या मुलखात ऊस तोडायला फडात जायचे, पोरं हिच्याजवळ राहायची. गावात त्यांना काय म्हणायचे? कोयत्याची पोरं. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादम तसंच मोजतो. माणसं न्हाईत, अवजार! शैलानं पहिल्याच दिवशी खडू घेतला आन भिंतीवर एकेका पोराचं नाव इंग्रजीत लिहिलं. पहिलं अक्षर मोठं. खाली त्यांच्या आईचं नाव. ते बी तसंच.

एका पोरीनं इचारलं, "बाई, इंग्रजीतला आय म्हंजी मी, तो वाक्यात मधी आला तरी मोठाच कावून?"

शैला म्हणली, "मी म्हणताना मान खाली घालायची न्हाई, म्हणून."

पोरीनं तो आय एवढा मोठा काढला की पार पत्र्याला टेकला. शैला लई हसली. तिला शिक्षा दिलती, आन ती तिथं सुखात व्हती. हेच काही लोकांना सोसलं न्हाई.

दसरा तोंडावर आलाय. मायबापांना तोडीला न्यायला गाड्या येतील. वसतिगृह बंद झालं की पोरं कुठं जातील? फडात. पोरी झोळीतलं लेकरू हलवत बसतील, पोरं बैलांसाठी उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करतील. आन इथं कमान चमकत राहील! कमानीखाली निजता येतं का? कमान भाकर वाढते का?

साहेब, सांभाळणार कोण, इचारलंत ना? मी. माझं घर शाळेच्या मागंच हाय. मी एकटी राहते. वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी बी येते म्हणल्यात. तुमची परवानगी मागत न्हाई. घर माझं हाय.

आता मायबापांनो, दसऱ्यानंतर ज्यांना पोरगं, पोरगी माझ्याकडं ठेवायचीय, त्यांनी हात वर करा.

मंचाकडं बघू नका. माझ्याकडं बघा.

हां... त्या मागच्या ताई. दादा, तुमी बी? वर धरा, नीट वर. आणखी... आणखी...

साहेब, बघताय ना?

आता समदे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलायचं न्हाई.

शैला, पोरं माझ्याकडं येतायत गं. तू पड निवांत.