खालच्या बटणाचा पिवळा दोरा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर, शिवणखात्यातल्या भगिनी आणि वेळेवर आलेले मोजके सज्जनहो,

सर्वप्रथम या माइकबद्दलची माझी तीव्र नापसंती नोंदवून घ्यावी. आधीचे वक्ते उंच होते, म्हणून मी टाचा उंचावून बोलायचं? असो. रुग्णालयाच्या शिवणखात्यातून आज निवृत्त होणाऱ्या या बाई माझ्या वहिनी. अध्यक्षांनी त्यांचं कौतुक केलंच. बरंचसं दुसऱ्याच कुणाच्या कामाचं, पण अगदी मनापासून.

या खात्याची एक पद्धत आहे. सदऱ्याचं सगळ्यात खालचं बटण जी ती आपापल्या रंगाच्या दोऱ्याने लावते. तक्रार आली की नेमकं कुणाला बोलायचं ते कळतं. वहिनींचा रंग पिवळा.

माझा थोरला भाऊ लढाईवर निघाला, तेव्हा वर्दीच्या आत घालायला वहिनींनी चौकडीचा जाड सदरा शिवला. छत्र्या, किल्ल्या, पाकिटं, दादा काहीही हरवायचा.

"हा तरी नीट सांभाळ," आई म्हणाली.

"अगं, अंगातला कसा हरवेल?"

पुढे तो शत्रूच्या हाती सापडला. रेडिओवर कैद्यांची नावं वाचली, त्यात त्याचं आलं आणि आम्ही, हसू नका, आनंदाने नाचलो. कैदेत आहे म्हणजे जिवंत आहे! मग वर्षभर चकार शब्द नाही. दाराची कडी वाजली तरी आई दचकायची. उघडायला मात्र कुणीच उठायचं नाही.

शेवटी कैद्यांची अदलाबदल ठरली. स्टेशनात गाडी लागली. एकेक जण उतरत होता आणि एकही दादा नव्हता. इतक्यात वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. पाठमोरा, तोच चौकडीचा सदरा!

"अहो!"

सदरा वळला. आत माणूस दुसराच.

वहिनींनी आधी खालचं बटण पाहिलं. पिवळा दोरा.

"हे मागच्या गाडीने येतायत ना?"

माणसाने ते बटण मुठीत झाकलं.

"बोला ना, भाऊ! सदरे बदललेत का आपसात? यांचं काही सांगता येत नाही..."

"वहिनी, तो तापाने फणफणला होता. मी कुडकुडत होतो. म्हणाला, घाल रे, मला उकडतंय. नको म्हटलं तर शिव्या घातल्या. सकाळी..."

वहिनी त्याच्या मनगटांकडे बघत राहिल्या.

"बाह्या आखूड होतात का तुम्हाला?"

"थोड्या."

"घरी या. उसवून लांब करून देते."

ते आले. बाह्या लांब होईपर्यंत भिंतीशी उभे राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून आमच्यापैकी कुणी त्यांना बसा म्हटलं नाही.

आयोजकांचे आणि श्रोत्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. आणि भाऊ, तुम्ही तिकडे दाराशी का? पुढे या. ही माझी खुर्ची. वहिनींच्या शेजारची. बसा.