गाळलेली ओळ

परभणीच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर नवराबायको बोलत होते. लेक आईच्या मांडीवर झोपली होती.

"करुणा रातच्या प्रार्थनेत एका ओळीला गप बसायली. तुमाला कळलं का?"

"कोणत्या?"

"आमी दुसऱ्याला क्षमा केली, तशी तू आमाला कर. त्या."

"इसरत असंल."

"सगळी पाठ हाय तिला. मी इचारलं, तर मनली, पप्पा पेडगावच्या काकाला बोलत न्हाईत. मग देवापुढं खोटं कसं मनू?"

"शमुवेल आईच्या मातीला आला न्हाई. सख्खा भाऊ असून."

"न्हाईच आला. मी कुठं मनते आला मनून?"

"मग?"

"तुमी ती ओळ लय मोठ्यानं मनता, एवढंच."

समोर एक गाडी येऊन थांबली.

"आवो, उठा. चुडाव्याची गाडी लागली."

"जाऊ दे."

"आन् घरी कसं जायचं?"

"पेडगावची कुठं लागती, तेवढं इचारून ये."

आई उठली, तशी लेक जागी झाली.

"पप्पा, आपली गाडी चालली!"

"जाऊ दे, बाई. काकाकडं जायचंय."

"मग आज ती ओळ मनायची?"

"आदी काकाचं दार तर वाजवू दे मला."