निळ्या हातांचा भाडेकरू

—नाही हो, ओल नाही ती, निळीचा डाग आहे. या, आत या. खोली हवेशीर आहे की नाही? मी धुणीवाली, त्यामुळे चादरींची ददात नाही. आधी ना—राहायचे एक, तुमच्याच मुलखातले. तिकडे मोठे न्यायाधीश होते म्हणे. राजाविरुद्ध निकाल दिला नि नेसत्या कपड्यांनिशी सरहद्द ओलांडावी लागली. इथे कोण विचारतो न्यायाधीशाला? रंगाऱ्याकडे लागले, निळीच्या हौदावर. कोपरापर्यंत हात निळे—घासून घासून कातडी निघाली, रंग काही जाईना. मी ओरडायची, "साहेब, माझ्या पांढऱ्या फडक्यांना पुसू नका हो हात!" तर हसायचे नुसते.

मग तिकडे राजा पडला. दारात बग्गी उभी—चला, तुम्हाला मंत्री केलंय! तर हे या खिडकीशी उभे. मला म्हणाले, "बाई, तुम्ही येता?" आता मी पडले विधवा बाई, पदरी मुलगी, तिकडची भाषा कळत नाही—म्हटलं, "चादरी वाळत पडल्यात, त्या कोण काढणार?" तर त्यालाही हसले. गेले.

हिवाळा सरायच्या आत बातमी आली. ज्यांनी बग्गी धाडली त्यांनीच गोळी घातली, भर सभेत. का, तर हा आमच्याही चुका काढतो! काढणारच. स्वभावाला औषध असतं का?

तेव्हापासून... हे सांगायचं नव्हतं तुम्हाला, भाडेकरू पळतात. पण निघालंच तोंडातून—रात्री इथे कोरं फडकं ठेवते, सकाळी उचलावं तर त्यावर निळी बोटं उमटलेली. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला! मुलगी म्हणते, आई, तूच पुसतेस, रंगाचे कपडे धुतेस ना. पुसत असेन बाई. पण माझी बोटं एवढी लांब आहेत का—बघा तुम्हीच. तसलं फडकं मी धूत नाही, जपून ठेवते. अख्ख्या गावाचं धुते, तेवढं एक—जाऊ द्या. भीती? छे! एखाद्या सकाळी फडकं कोरं निघतं ना, तेव्हा मात्र दिवसातून दहादा कुलूप काढून खोलीत डोकावून जाते.

बरं, तुमचं काय? छापखान्यात काम बघताय—आणि तिकडे काय करत होता? लिहीत होता. आत्ताच्या सरकारविरुद्ध. हं. म्हणजे दिवस फिरले की परत जाणार. नाही कसं, जाणारच. बोलवायला आले की सगळेच जातात.

नको. उचला ती पेटी. भाड्याचं नाही हो काही, खोलीच द्यायची नाही मला. पुढच्या गल्लीत सुताराकडे विचारा, जागा आहे त्याच्याकडे. आणि त्याला कुणाचा लळा लागत नाही. बघत काय उभे राहिलात? जा म्हणते ना!