मामूंनी सुचवलेलं ॲप

बारामती स्टँडवर मी इंदापूरच्या गाडीची वाट बघत होते. मागच्या बाकावर मामा-भाची बोलत होते. मी भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि कान मागं लावले.

"मामू, पहिल्या पगारातनं म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे टाकायचं म्हणते. कुठल्या ॲपवर खातं काढू?"

"मी सांगितलेल्याच. आपलं निम्मं बावडा गाव त्याच्यावर हाय."

"त्यात वर्षाला चारशे रुपये कापत्यात. माझ्या मैत्रिणीच्या ॲपवर काहीच कापत न्हाईत."

"शगुफ्ता, फुकटाच्या मागं लागू नये. मामा हाय मी तुझा, दुश्मन न्हाय."

"मग माझ्याच लिंकवरनं काढ, असं तीनदा का सांगितलं?"

"बोलायची सवय हाय."

"त्या लिंकवरनं खातं काढलं की तुमाला काय मिळतं?"

"गाडी लागली का बघ जरा."

"न्हाय लागली. मामू, काय मिळतं?"

"तीनशे."

"प्रत्येकामागं?"

"व्हय. हळू बोल, पुढं पोरगी बसलीय."

"ती कधीची एकाच पानावर हाय. सगळं ऐकलंय तिनं."

मी घाईनं पान उलटलं.

"मामू, अम्मीचं खातं पण तुमच्याच लिंकवरनं?"

"तिचंच पहिलं."

"आणि वर्षाला चारशे कापत्यात, ते सांगितलं तिला?"

"न्हाय सांगितलं तिला. तू मैत्रिणीच्या ॲपवर काढ. अम्मीला मी आज स्वतः सांगतो."

"खातं काढलं त्या दिवशी तिनं बिर्याणी केली होती. भाऊ माझा किती विचार करतो, म्हणून."

"माहितीय. दुसऱ्यांदा मागून घेतली होती मी."