तापीच्या मुखाशी बाबा

हसायचं तर हसा, पण माह्या बाबाले कोणी वेडं म्हटलेलं मले चालत नाई. सत्त्याण्णवात आमी दोघं सुरतले गेलतो. तापी जिथं समुद्राले मिळते, तिथं रेतीवर बसलो होतो. आभाय कोरडं, अन् पानी तर चढून राह्यलं! समुद्रापासून लय दूरच्या आर्वीच्या माणसाले पानी चढाचं एकच कारण माहीत. बाबा ओरडले, "धरण सोडलं रे!"

मी काठाकडं पळालो. बाबा मात्र जाळं टाकणाऱ्या कोळ्याइले सांगाले पान्यात घुसले. अन् बाबाले तर पोहता येत नाई! कोळ्याइनंच त्याइले छातीभर पान्यातून होडीत ओढलं.

एक जवान कोळी हसून म्हणे, "काका, ये तो समंदर का पानी है, रोज चढ़ता है."

बाबानं माफी मागत हात जोडले. म्हातारा कोळी म्हणे, "हाथ तो हम जोड़ेंगे. पानी रोज आता है, हमें बचाने कोई पहली बार आया."