दादाने पुस्तकात लिहिलेलं

माझा मोठा भाऊ गेला, तेव्हा त्याने वाचनालयातून आणलेली कादंबरी परत द्यायला मी कळव्याला गेलेलो. तिथे काय झालं ते ऐका.

कादंबरीत किल्ल्याला वेढा पडतो, धान्य संपतं, आणि एरवी आपली भाकरी वाटून खाणारा तरुण सरदार म्हाताऱ्या माणसांना किल्ल्याबाहेर काढतो. त्या पानावर कोणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, ‘किती निर्दयी झाला हा!’ त्याखाली दादाचं अक्षर, ‘घरातले मोठे होऊन बघा. मी धाकट्याची शाळा सोडवली, ती काय हौसेने?’

वाचनालयाच्या काकूंनी पान बघितलं आणि खोडरबर काढला. मी त्यांचा हातच धरला.

"काकू, खोडायचं नाही. माझा दादा गेलाय."

"अरे, हात सोड आधी. वरची ओळ कोणाची आहे माहितीये?"

"असेल कोणाचीपण!"

"माझी आहे. पुस्तकात लिहू नका म्हणून सगळ्यांवर मीच ओरडते."

मी हात सोडला. काकूंनी फक्त स्वतःची ओळ खोडली.

"तो धाकटा तूच ना?"

"हो," मी म्हटलं. "वाचलंय मी ते. चार वेळा."