रेडकू आणि डावा हात

बॉक्सिंगची पहिली मॅच मी आईमुळं जिंकलो रं, कोचमुळं नाय! ऐक तर.

मी असा ताडासारखा, आणि समोर शिळफाट्याचा पोरगा, माझ्या छातीएवढा. कोचनं घोकून घेतलेलं, "डावा हात लांब ठेव, त्याला आत घुसू देऊ नको." पण तो हाताखालनं घुसायचा आणि माझ्या बरगड्या शेकायचा. कोच ओरडून दमला.

तेवढ्यात कडावहून मॅच बघायला आलेली आई उठली. "अरं, रेडकाला कसा लांब ठेवतोस? तसा ठेव की!"

आता कळलं! आई म्हशीची धार काढते, तेव्हा रेडकू आचळाकडं धावतं. त्याला डाव्या हातानं मागं सारायचं काम माझं. धार झाली की सोडायचं.

मग काय, तो पुढं आला की माझा डावा हात त्याच्या नाकावर. मॅच मारली.

नंतर तो पोरगा भेटायला आला. म्हणाला, "हरलो त्याचं काय नाय, भावा. पण प्रत्येक ठोशाला 'हट्, हट्' कशाला करत होतास? आणि शेवटची घंटा झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून 'जा, पी आता' म्हणालास, ते काय होतं?"